उबुंटू अपग्रेड केलं आणि हाताला काहीच लागेना? एकेक करून असं बसवा

अपग्रेड झालं, कॉम्प्युटर परत चालू झाला, फायली सगळ्या जागेवर, नेट चालू, प्रिंटरसुद्धा चालू, आणि तरी माणूस वैतागलेला. कारण बिघडलेलं काहीच नसतं, फक्त जे जिथे असायचं ते तिथे नसतं. फोंडा, साखळी, डिचोली या भागात ओळखीतल्या वाचनालयांत, एकदोन ट्यूशन क्लासांत आणि एका देवस्थानच्या ऑफिसात मी लिनक्सचे कॉम्प्युटर बघतो, आणि अपग्रेडनंतर जे फोन येतात ते बहुतेक असेच, "अरे ते वरचं बटण गेलं कुठे", "आता प्रिंट स्क्रीन दाबलं की हे काय येतं", "विंडो खाली का जात नाही". म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतोय.

लेख मुख्यतः उबुंटू २२.०४ वरून २४.०४ ला गेलेल्यांसाठी आहे. म्हणजे आतून बघितलं तर ग्नोम ४२ वरून थेट ग्नोम ४६, ग्नोम म्हणजे उबुंटूवर पट्ट्या, मेनू, विंडो दाखवणारा डेस्कटॉप. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, त्यामुळे दोन वर्षांत थोडं थोडं जे बदलत गेलं ते एलटीएसवाल्यांच्या, म्हणजे दर दोन वर्षांनी येणारी जास्त सपोर्टची आवृत्ती वापरणाऱ्यांच्या, अंगावर एका रात्रीत येऊन पडतं. २०.०४ वरून येणाऱ्यांचे तर अजून जास्त हाल, त्यांच्याकडे ग्नोम ३.३६ होतं. मध्येमध्ये त्यांच्यासाठी वेगळं सांगतो.

हे काही आजचं नाही म्हणा. उबुंटूने १०.०४ ला म्हणजे २०१० साली विंडोची बंद करायची बटणं उजवीकडून डावीकडे नेली, ११.०४ ला युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप आणला, आणि २०१७ च्या १७.१० ला युनिटी सोडून परत ग्नोमवर आले तेव्हा बटणं पुन्हा उजवीकडे. सात वर्षं लोकांना डावीकडे वळवलं आणि मग चला परत. ग्नोम ३ ही आवृत्ती एप्रिल २०११ मध्ये आली तेव्हा तर इतकी बोंबाबोंब झाली की जुनं ग्नोम २ आवडणाऱ्यांनी मेट नावाचा वेगळा डेस्कटॉप काढला आणि मिंट या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनी सिनॅमन. सांगायचा मुद्दा हा की वैताग खरा आहे, पण त्याच्यावर उपायही बरेच आहेत, फक्त ते कुठल्या क्रमाने करायचे ते कळलं पाहिजे.

क्रम असा. आधी नेहमीच्या सेटिंग्ज, तिथे नाही मिळालं तर ग्नोम ट्वीक्स म्हणजे जास्तीच्या सेटिंग्जचं ॲप, तिथेही नाही तर डीकॉन्फ एडिटर म्हणजे आतल्या लपलेल्या सेटिंग्ज बदलायचं ॲप, आणि अगदीच नाइलाज झाला तर एक्स्टेन्शन, म्हणजे ग्नोमला बाहेरून जोडायची छोटी भर. लोक बरोबर उलटं करतात, पहिल्याच दिवशी डझनभर एक्स्टेन्शन्स टाकून स्क्रीन जुन्यासारखी करून घेतात आणि पुढच्या अपग्रेडला त्याच एक्स्टेन्शन्स मोडतात, की परत फोन. सेटिंग्जमधून केलेला बदल सहसा पुढच्या आवृत्तीत टिकतो, एक्स्टेन्शनचा टिकेल याची काही खात्री नाही. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे.

अजून अपग्रेड केलं नसेल तर

घाई करू नका. २२.०४ ला २०२७ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, २४.०४ ला २०२९ पर्यंत. २०.०४ वर असाल तर मात्र हला, त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ ला संपला. आणि २०.०४ वरून थेट २४.०४ ला उडी मारता येत नाही, आधी २२.०४, मग २४.०४.

वेळ बघून करा. जूनजुलैमध्ये आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो आणि पॅकेजं बसत असताना अर्ध्यात मशीन बंद पडलं तर मग इंटरफेसची तक्रार करायलाही काही शिल्लक राहत नाही, त्यामुळे डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्या, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून पूर्ण चार्ज करून बसा. चवथीच्या आदल्या आठवड्यात, जत्रेच्या दिवसांत, मार्चच्या हिशेबात, दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर, अजिबात नको. दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर कोणाचंही महत्त्वाचं काम नसलं पाहिजे.

मग या चार गोष्टी करा. होम फोल्डरची कॉपी बाहेरच्या डिस्कवर. टाइमशिफ्ट या ॲपने सिस्टमचा स्नॅपशॉट, म्हणजे मागे परतता येईल अशी कॉपी, पण लक्षात ठेवा टाइमशिफ्ट आपणहून होम फोल्डर घेत नाही, म्हणून ती कॉपी वेगळी. तिसरं, मोबाईलने स्क्रीनचे फोटो काढून ठेवा, डेस्कटॉपचा, डॉकचा म्हणजे ॲपांच्या चिन्हांच्या पट्टीचा, कीबोर्ड शॉर्टकटच्या यादीचा, एक्स्टेन्शन्सच्या यादीचा, हे फार साधं वाटतं पण "आधी कसं होतं" याच्यावर नंतर जो वाद होतो तो या फोटोंनी मिटतो. आणि चौथं, सगळ्या सेटिंग्ज एका फायलीत. टर्मिनल उघडा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करा, फोनवर सांगतो तसं सांगतो: डीकॉन्फ, स्पेस, डम्प, स्पेस, एक तिरकी रेघ म्हणजे स्लॅश, स्पेस, मोठ्याचं चिन्ह (>), स्पेस, आणि फायलीचं नाव. एंटर. होममध्ये एक साधी टेक्स्ट फाइल तयार होते, तीही बाहेरच्या डिस्कवर टाका.

अजून एक करता येतं, २४.०४ ची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, पेनड्राइव्हवर टाकून लाइव्ह चालवून बघा. इन्स्टॉल करायची गरज नाही, ट्राय करून बघायचा पर्याय असतो तो घ्यायचा आणि ज्याला रोज त्या मशीनवर बसायचंय त्याला अर्धा तास त्यावर बसवायचं. मग "मला हे नको" असेल तर ते आधीच कळतं.

अपग्रेड झालंय आणि वैतागलाय, तर पहिलं हे करा

कुठलंही सेटिंग हलवायच्या आधी एक नवा यूजर तयार करा. सेटिंग्ज उघडा, सिस्टम, मग यूजर्स, वर अनलॉक करून पासवर्ड द्या, ॲड यूजर. नाव काहीही ठेवा, तपासणी ठेवा. आता लॉगआउट होऊन त्या नव्या यूजरने आत जा आणि ज्या गोष्टीने त्रास होतोय ती तिथे करून बघा.

नव्या यूजरमध्येही तसंच दिसत असेल तर तो नव्या आवृत्तीचा बदल आहे, बिघाड नाही, तेव्हा सेटिंग शोधायचं किंवा सवय करायची. नव्या यूजरमध्ये सगळं व्यवस्थित आणि फक्त तुमच्याच खात्यात गडबड असेल तर दोष तुमच्या जुन्या थीमचा, जुन्या एक्स्टेन्शनचा किंवा कधीतरी टाकलेल्या कुठल्यातरी सेटिंगचा. आणि दोन्हीकडे स्क्रीन लुकलुकते, अक्षरं धुरकट दिसतात, स्क्रीन शेअर होत नाही असं काही असेल तर तो वेलँडचा, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या व्यवस्थेचा, किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा विषय, तो खाली घेतलाय.

ही दहा मिनिटांची तपासणी न करता लोक संध्याकाळभर सेटिंग्ज उलटीपालटी करत बसतात आणि मग मूळ काय होतं तेच विसरतात.

वरची पट्टी

सगळ्यात जास्त फोन याचेच. डाव्या कोपऱ्यात आधी ॲक्टिव्हिटीज असा शब्द होता, आता तो गेला, त्याच्या जागी एक लांबट ठिपका आणि बाजूला बारके ठिपके. हा बदल ग्नोम ४५ चा. काम तेच, क्लिक केलं की सगळ्या विंडो पसरून दिसतात, लांबट ठिपका म्हणजे तुम्ही ज्या वर्कस्पेसवर आहात ते, वर्कस्पेस म्हणजे विंडो वेगवेगळ्या मांडायला मिळणारी जास्तीची स्क्रीन. माउस त्यावर ठेवून चाक फिरवलं की वर्कस्पेस बदलतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी तर सगळ्यांना सांगतो की तो कोपरा विसरा आणि सुपर की दाबा, म्हणजे विंडोजच्या चिन्हाची की. ती आवृत्ती बदलली तरी बदलत नाही.

आता उजवा कोपरा. इथे जे झालंय ते जरा नीट समजून घ्या. आधी तिथे क्लिक केलं की उभी यादी यायची, वायफायच्या ओळीवर क्लिक केलं की ती ओळ खाली उघडायची आणि मग आत नेटवर्क निवडायचं. ग्नोम ४३ पासून तिथे मोठी मोठी बटणं आली, क्विक सेटिंग्ज. बटणाचे दोन भाग, नावावर दाबलं तर ते चालू किंवा बंद होतं, आणि बाजूच्या बाणावर दाबलं तर यादी उघडते. देवस्थानच्या ऑफिसातल्या काकांनी पहिल्याच दिवशी जुन्या सवयीने वायफायवर दाबलं, नेट गेलं. परत दाबलं, जरा वेळाने आलं, पण यादी काही दिसेना म्हणून पुन्हा दाबलं, परत गेलं. काका मराठीत हिशेब लिहितात पण चिडले की कोंकणीवर येतात, फोनवर पहिलं वाक्य "आरे कितें जालें हें, नेट येता आनी वता!" राउटर दोनदा बंदचालू करून झाला होता, नेटवाल्यालाही फोन झाला होता. त्यांना एवढंच सांगितलं, काका, नावाला हात लावू नका, बाणाला लावा. ब्लूटूथचं, पॉवर मोडचंही तसंच.

बंद करायचं बटण त्याच चौकोनाच्या वरच्या बाजूला, गोल चिन्ह, त्यात रिस्टार्ट, लॉगआउट सगळं. बॅटरीचे टक्के दिसत नसतील तर सेटिंग्जमध्ये पॉवर, तिथे शो बॅटरी परसेंटेज. घड्याळाशेजारी वार आणि तारीख हवी असेल तर सिस्टममध्ये डेट अँड टाइम, खाली घड्याळाचे पर्याय आहेत.

डॉक आणि विंडो

सेटिंग्जमध्ये उबुंटू डेस्कटॉप नावाचा भाग आहे, डॉक कुठे हवा, आपोआप लपायला हवा का, चिन्हं केवढी, सगळं तिथेच. पॅनेल मोड बंद केला तर डॉक कडेला चिकटून पूर्ण लांबीचा न राहता तरंगता होतो. डेस्कटॉपवर होम फोल्डरचं चिन्ह दिसावं की नाही, तेही इथेच. हे लोकांना सापडत नाही कारण २२.०४ मध्ये हे सगळं ॲपिअरन्समध्ये होतं.

आता विंडोजवरून आलेल्या प्रत्येकाची मागणी, डॉकमधल्या चिन्हावर परत क्लिक केलं की विंडो खाली जावी. सेटिंग्जमध्ये हे नाही, का नाही ते देव जाणे, पर्याय आत तयार आहे आणि बाहेर दाखवत नाहीत. म्हणून डीकॉन्फ एडिटर. ॲप सेंटर उघडा, डीकॉन्फ एडिटर शोधा, आणि इथे एक मेख आहे, ॲप सेंटर आपणहून फक्त स्नॅप या प्रकारची पॅकेजं दाखवतं, म्हणून शोधल्यावर वरचा फिल्टर बदलून डेबियन पॅकेजेस करायचा, मग सापडतं. ट्वीक्स आणि एक्स्टेन्शन मॅनेजर पण तसेच शोधायचे.

डीकॉन्फ एडिटर पहिल्यांदा उघडलं की सावधगिरीची सूचना येते, ती वाचा, खरी आहे. मग फोल्डरांतून उतरत जा, ऑर्ग, ग्नोम, शेल, एक्स्टेन्शन्स, डॅश टू डॉक. आत लांबलचक यादी, तिच्यात क्लिक-ॲक्शन. त्यावर दाबा, यूज डिफॉल्ट व्हॅल्यू बंद करा, खालच्या यादीत मिनिमाइझ निवडा, आणि कोपऱ्यात बरोबरची खूण येते ती दाबल्याशिवाय काही लागू होत नाही. झालं, लगेच चालतं. परत जुनं हवं असेल तर तेच डिफॉल्टचं बटण चालू करायचं. त्या खिडकीत दुसरं काहीही चाळवायला जाऊ नका.

विंडोची बटणं डावीकडे हवी असतील, युनिटीची सवय असलेले अजून आहेत, तर ट्वीक्समध्ये विंडोजच्या भागात टायटलबार बटन्स. फाइल, एडिट, व्ह्यू अशी मेनूची ओळ मात्र बऱ्याच ॲपांतून गेली ती गेली, तीन आडव्या रेघांचं बटण तिच्या जागी आलंय, ती परत आणायला धडपडू नका. लिबरऑफिसमध्ये आहे, तिथे वापरा.

फाइल्समध्ये दोन गोष्टी. फोल्डरात टाइप करायला लागलं की त्या अक्षराच्या फायलीवर उडी जायच्या ऐवजी शोध सुरू होतो, हे फार वर्षांपासून आहे आणि मलाही पटलेलं नाही. पण पत्ता टाइप करायचा असेल तर आता वरच्या पत्त्याच्या पट्टीवर सरळ क्लिक करून टाइप करता येतं, आधी त्यासाठी कंट्रोल आणि एल दाबावं लागायचं, ते अजूनही चालतं.

सरकपट्टी म्हणजे स्क्रोलबार बारीक होऊन लपतो, वयस्कर माणसांना तो पकडता येत नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, सीइंग, तिथे ऑलवेज शो स्क्रोलबार्स. त्याच पानावर मोठी अक्षरं, मोठा माउस पॉइंटर आणि ॲनिमेशन बंद करायचं बटण आहे. जुन्या मशीनवर ॲनिमेशन बंद केलं की निम्मी "हळू झालंय" ही तक्रार जाते.

कीबोर्ड

ऑल्ट-टॅब दाबलं की विंडो न येता ॲप येतात, म्हणजे लिबरऑफिसच्या तीन फायली उघड्या असतील तर एकच चिन्ह. त्याच ॲपच्या विंडोंमध्ये फिरायला ऑल्ट आणि टॅबच्या वरची की. हे नको असेल तर सेटिंग्ज, कीबोर्ड, व्ह्यू अँड कस्टमाइझ शॉर्टकट्स, नॅव्हिगेशन, तिथे स्विच विंडोज नावाची ओळ, तिला ऑल्ट-टॅब द्या. आधीच कोणीतरी वापरतंय असं सांगेल, बदला म्हणायचं. ज्याला ज्याला हे करून दिलंय त्याने परत तक्रार केलेली नाही.

प्रिंट स्क्रीनचा बदल २०.०४ वरून येणाऱ्यांना लागतो. आधी दाबलं की फोटो निघायचा, ग्नोम ४२ पासून दाबलं की निवडायची खिडकी येते, भाग, पूर्ण स्क्रीन की एक विंडो. सरळ फोटो हवा असेल तर शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन, फक्त चालू विंडो हवी तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन. फोटो पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरात जातात, शिवाय क्लिपबोर्डवरही असतात, त्यामुळे ईमेलमध्ये सरळ पेस्ट होतात. वर्कस्पेस उभ्याचे आडवे झाले तेही तेव्हाच कळतं, तो बदल ग्नोम ४० चा, मार्च २०२१. सुपर दाबून धरून पेज अप आणि पेज डाउन, ते अजून चालतं. वर्कस्पेस आपोआप वाढणारे नकोत, ठरावीक चार हवेत असं असेल तर सेटिंग्जमध्ये मल्टिटास्किंग. हॉट कॉर्नर चालूबंद करायचं बटण पण तिथेच.

मराठी टायपिंग. अपग्रेडनंतर वर पट्टीत मराठीचं चिन्ह दिसत नसेल तर घाबरू नका. सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, अधिकचं चिन्ह दाबा, भाषेच्या यादीत मराठी नसेल तर खाली तीन ठिपके दाबून शोधा. इनस्क्रिप्टवाल्यांनी इनस्क्रिप्ट घ्या, इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराने टाइप करणाऱ्यांनी कगप फोनेटिक. भाषा बदलायला सुपर आणि स्पेस. कोणाची कॅप्स लॉकवर किंवा दोन की एकत्र दाबून भाषा बदलायची जुनी सवय असेल तर ट्वीक्समध्ये कीबोर्डच्या भागात जास्तीचे लेआउट पर्याय आहेत, तिथून परत लावता येतं. वाचनालयात एका कॉम्प्युटरवर मराठी, कोंकणी आणि इंग्रजी तिन्ही लागतं. मराठी नि कोंकणी दोन्ही देवनागरीच म्हटल्यावर तिथे मी दोनच लेआउट ठेवलेत, तीन ठेवले की माणूस प्रत्येक वेळी एक जास्त दाबतो आणि चिडतो.

देवनागरी बारीक दिसते, मात्रा एकमेकांत शिरतात असं वाटत असेल तर डिस्प्लेचं स्केलिंग वाढवण्याआधी ट्वीक्समधल्या फाँट्सच्या पानावर स्केलिंग फॅक्टर १ वरून १.१ किंवा १.१५ करून बघा. अक्षरं तेवढी मोठी होतात, बाकी खिडक्या फुगत नाहीत. डिस्प्लेमधलं १२५ टक्क्यांचं फ्रॅक्शनल स्केलिंग चालू केलं की काही जुनी ॲप धुरकट दिसू लागतात, आणि मग लोक फाँटला दोष देत बसतात.

वेलँड की एक्सऑर्ग

ही धुरकटपणाची गोष्ट कुठून येते ते सांगतो. स्क्रीनवर चित्र उमटवायची जुनी व्यवस्था एक्सऑर्ग, नवी वेलँड. २२.०४ पासून एनव्हिडियाचं कार्ड नसलेल्या बहुतेक मशीनांवर उबुंटू आपणहून वेलँड घेतं. वेलँडसाठी न लिहिलेली ॲप मध्ये एक थर घालून चालतात, त्यामुळे अपूर्णांकातल्या स्केलिंगला ती ताणून दाखवली जातात. शिवाय वेलँडमध्ये एक ॲप दुसऱ्या ॲपची स्क्रीन वाटेल तशी बघू शकत नाही, सुरक्षेच्या दृष्टीने बरोबर आहे, पण जुन्या पद्धतीने लिहिलेली स्क्रीन शेअर करायची, रिमोटने बघायची, आपोआप की दाबून द्यायची साधनं अडतात.

तुम्ही कशावर आहात ते सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट, सिस्टम डिटेल्समध्ये विंडोइंग सिस्टमच्या ओळीत लिहिलेलं असतं. बदलायचं असेल तर लॉगआउट व्हा, स्वतःच्या नावावर क्लिक करा, आणि पासवर्ड टाकायच्या आधी खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक येतं ते दाबून उबुंटू ऑन एक्सऑर्ग निवडा. चाक नावावर क्लिक केल्याशिवाय दिसत नाही, निम्मे लोक इथेच अडकतात. एकदा निवडलं की पुढच्या वेळी तेच लक्षात राहतं.

पण हा तात्पुरता रस्ता समजा. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये ग्नोम ४९ आलं आणि त्यात एक्सऑर्गचं ग्नोम सेशन काढून टाकलं. म्हणजे २४.०४ वर आहात तोपर्यंत चाललं, त्या वेळात ते अडणारं ॲप बदलायचं बघा.

एक्स्टेन्शन्स, शेवटी

इथपर्यंत करून जे उरतं त्याच्यासाठीच. आधी जुन्यांचं काय झालं ते कळून घ्या. ग्नोम ४५ ला एक्स्टेन्शन्स लिहायची आतली पद्धतच बदलली, त्यामुळे ४४ पर्यंतची कुठलीच एक्स्टेन्शन जशीच्या तशी ४५ वर चालत नाही, लिहिणाऱ्याने नवी काढावी लागते. म्हणून २२.०४ वरून २४.०४ ला आलेल्यांची सगळी एकदम बंद पडली. ती तुम्ही मोडलेली नाहीत.

एक्स्टेन्शन मॅनेजर उघडा, वरचं मुख्य बटण बंद करा म्हणजे सगळ्यांना विश्रांती, लॉगआउट होऊन परत या, मशीन शांत चालतंय का बघा. मग एकेक चालू करा आणि प्रत्येकानंतर थोडा वेळ काम करून बघा. नव्या ग्नोमसाठी ज्याची आवृत्तीच आलेली नाही ते काढून टाका, नुसतं बंद करून ठेवू नका. नवं घ्यायचं तर शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघून घ्या. खाली एकच लांब पट्टी हवी, विंडोजसारखी, तर डॅश टू पॅनेल, हे बरीच वर्षं सांभाळलं जातंय. माझ्या मते एका मशीनवर दोनतीनच्या वर असूच नयेत.

तरीही नाहीच जमलं

एखाद्याचा हात जुन्या मेनूवरच बसलेला असतो आणि त्यात काही वाईट नाही. त्याला ग्नोम वळवून वळवून दुसरंच काहीतरी करून देण्यापेक्षा डेस्कटॉप बदला, सिस्टम तीच राहू द्या. ॲप्लिकेशन्स, प्लेसेस अशी वर मेनू असलेली ग्नोम २ सारखी रचना हवी तर टर्मिनलला सुडो एपीटी इन्स्टॉल ग्नोम-सेशन-फ्लॅशबॅक, अर्थातच इंग्रजी अक्षरांत, आणि मग लॉगइनच्या त्याच दातेरी चाकात फ्लॅशबॅक मेटासिटी दिसतं. हलकं हवं तर एक्सएफसीई. ते टाकताना मध्येच लॉगइनच्या स्क्रीनसाठी जीडीएम हवं की लाइटडीएम असं विचारलं तर जीडीएमच ठेवा, लॉगइनची स्क्रीन तरी ओळखीची राहील. मशीन नव्याने लावायचंच असेल तर मिंट २२, जुलै २०२४ चं, पाया उबुंटू २४.०४ चाच आणि २०२९ पर्यंत सपोर्ट. सिनॅमनचा मेनू खाली डावीकडे, जिथे बहुतेकांचा हात आपोआप जातो.

केडीई हा ग्नोमऐवजी वापरायचा दुसरा डेस्कटॉप, तो वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. त्याची प्लाझ्मा ६ ही आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तीत फाइल उघडायला एकाऐवजी दोन क्लिक, पॅनेल तरंगतं, आणि डेस्कटॉपवर चाक फिरवून वर्कस्पेस बदलणं बंद. पहिलं सिस्टम सेटिंग्जमध्ये जनरल बिहेवियरमधून, दुसरं पॅनेलवर उजवं क्लिक करून त्याच्या कॉन्फिगरेशनमधून परत होतं. तिथे सगळ्यालाच सेटिंग असतं, प्रश्न फक्त ते सापडण्याचा.

आणि खातंच गोंधळलंय, नव्या यूजरमध्ये सगळं ठीक पण जुन्यात कशानेच सुधारत नाही, तर सेटिंग्ज मुळावर न्या. त्याआधी वरची डम्पची आज्ञा पुन्हा एकदा चालवून आजची फाइल ठेवा. मग टर्मिनलमध्ये डीकॉन्फ, रिसेट, हायफन एफ, आणि स्लॅश ऑर्ग स्लॅश ग्नोम स्लॅश, शेवटचा स्लॅश विसरायचा नाही. लॉगआउट, लॉगइन. वॉलपेपर, शॉर्टकट, डॉकची मांडणी, कीबोर्डच्या भाषा सगळं कोरं होईल, फायलींना काही होत नाही. जुनी डम्पची फाइल आख्खी परत लोड करू नका, नाहीतर जो कचरा काढला तोच परत येईल, ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि बघून बघून हवं तेवढं हाताने लावा.

खरोखरचा बिघाड सापडला, म्हणजे नव्या यूजरमध्येही बटण दाबून काहीच होत नाही किंवा शेल म्हणजे आख्खा डेस्कटॉपच कोसळतो, तर उबुंटूच्या लाँचपॅड या बग नोंदवायच्या साइटवर लिहा. टर्मिनलमध्ये उबुंटू-बग आणि पॅकेजचं नाव टाकलं की मशीनची माहिती आपोआप जोडली जाते. "नवीन डिझाइन भिकार आहे" असं लिहून काही होत नाही, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं तीन ओळींत लिहा. आणि आधी शोधा, तोच बग कोणीतरी लिहिलेला असतो, मग नवा न उघडता त्यावरच मलाही हा त्रास होतो असं सांगायची जागा असते तिथे क्लिक करा.